एकोणतिसावी सही

“कुठे पडली?”

त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. प्रेमकथेच्या सुरुवातीला शोभेल असा नाही, पण जे झालं ते असंच झालं.

सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, ना पडत होतं ना उघडत होतं. दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत दिवसाढवळ्या दिवे लावलेले होते. सात वर्षांची भाची म्हणजे काही कडेवर घ्यायची वस्तू नाही, पण मी तिला घेतलं होतं. तिचा डावा हात मनगटाशी मोडला होता.

“शाळेत पडली,” मी म्हणाले.

“शाळेत कुठे? मैदानात, जिन्यात?” त्याच्यासमोरच्या रजिस्टरमध्ये ‘पडण्याचं ठिकाण’ असा रकाना होता.

“वर्गात.”

आता त्याने मान वर केली. डोळ्यांखाली थकवा साचलेला, पण डोळे चांगले होते. खोटं कशाला बोलू, मी तेव्हाच पाहून ठेवले.

“वर्गात बसल्या बसल्या हात मोडला?”

“बसल्या बसल्या नाही. मोठ्या सुट्टीत या बाकावरून त्या बाकावर उडी मारताना.”

“आणि मोठ्या सुट्टीत मुलं वर्गात काय करत होती?”

“तेच तर!” माझा आवाज चढला. “तेच तर मी दोन महिने सगळ्यांना विचारतेय!”

भाची रडायची थांबली. “माऊ, डॉक्टरांवर ओरडू नको ना. ते मग जोरात दाबतील.”

“मी डॉक्टर नाही गं,” तो म्हणाला. “मी प्लास्टरवाला. डॉक्टर हाडाला जागेवर बसवतात, मी त्याला सांगतो, आता उठायचं नाही.”

त्याने कोमट पाण्याच्या बादलीत पट्टीचा गुंडाळा बुडवला. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत वाट पाहिली, मग हलकेच पिळला. हाताभोवती आधी कापूस, मग पट्टी, एकेक फेरा, कुठेही घाई नाही. मला स्वतःला भाजी शिजेपर्यंत चार वेळा झाकण उघडल्याशिवाय चैन पडत नाही. त्या माणसाचे हात बघताना मात्र मी झाकणबिकण सगळं विसरले.

“आता गरम लागेल हं,” तो भाचीला म्हणाला. “घट्ट होताना प्लास्टर तापतं.”

“आमची आईपण,” मी म्हणाले. “तापली की घट्टच होते.”

तो हसला… म्हणजे हसायला लागला आणि मध्येच थांबला, बऱ्याच दिवसांत न वापरलेलं दार अर्ध्यावर अडावं तसा. मला ते उगाच लागलं.

प्लास्टर वाळल्यावर त्याने जाड काळं पेन काढलं आणि त्यावर सही केली. तीन अक्षरं, एक लांब शेपटी आणि शेपटीच्या टोकाला इवलीशी गोगलगाय.

“ही कशाला?” भाचीने विचारलं.

“ही सांगते, हळू.”

“मला गोगलगाय नको. ससा काढा.”

“ससा पाच आठवड्यांनी. प्लास्टर काढताना.”

मी त्या सहीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ती माझी धंद्याची खोड आहे. मी शिक्क्यांच्या दुकानात काम करते. रबरी शिक्क्यांसाठी अक्षरं काढायची, लोकांच्या सह्या कागदावरून हुबेहूब उतरवायच्या, हे माझं काम. या सहीला वरची रेघ नव्हती. अक्षरं उघडीच, डोक्यावर छप्पर नसलेली. मला ती ऐट वाटली.

“काय बघताय?” त्याने विचारलं.

“तुमची सही. सुंदर आहे.”

“सही सुंदर आहे,” तो म्हणाला आणि पेनाचं टोपण लावत बसला. टोपण लावायला इतका वेळ लागत नाही.

---

भाचीला घरी सगळे भिंगरी म्हणतात, यावरून काय ते समजा. ताई आणि भाऊजी नोकरीसाठी लांबच्या गावी असतात, दोन महिन्यांतून एकदा येतात. तोवर भिंगरी माझ्याकडे आणि आईकडे. शाळेच्या कागदावर पालक म्हणून मी.

शाळेच्या मागे एक मैदान आहे. फार मोठं नाही. एक बुटकं झाड, एक झोपाळ्याचा गंजलेला सांगाडा आणि मुलांनी पळून पळून गुळगुळीत केलेली माती. दोन वर्षांपूर्वी झोपाळ्याची साखळी तुटली, एका मुलाचे दोन दात पडले, त्याच्या वडिलांनी आकाशपाताळ एक केलं. तेव्हापासून मोठ्या बाईंनी मैदानाला कुलूप घातलं. मोठ्या सुट्टीत मुलांनी जागेवर डबा खायचा, मग बाकावर डोकं ठेवून गप्प पडायचं. पंचवीस मिनिटं. सात वर्षांच्या मुलांना! भिंगरीसारख्या मुलांना गप्प पडता येत नाही आणि ती उड्या मारतात. बाकीची हळूहळू गप्प पडायला शिकतात. मला भीती त्यांचीच जास्त वाटत होती.

आम्ही दुसरीच्या वर्गातल्या पालकांनी मैदान मागायला सुरुवात केली. पुढारी होती जुळ्यांची आई. घरात दोन आहेत त्यामुळे तिला दुप्पट गरज होती. मोठ्या बाईंनी तीन वेळा बसवून ठेवलं, चौथ्या वेळी अट घातली. वर्गातल्या एकूण एक पालकाने हमीपत्रावर सही करायची. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस सह्या. “एकजण जरी नाही म्हणाला, तरी कुलूप आहे तिथेच राहील,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि महिनाअखेरच्या शुक्रवारी चार वाजता कागद माझ्या टेबलावर हवा. चार म्हणजे चार.”

सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. सह्यांमधलं हिला कळतं, एवढ्याच कारणाने.

प्लास्टर घातल्यानंतर चौथ्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळी, फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा होता.

“अय्या, तुम्ही इथे? पेशंट शोधायला आलात का?”

“पेशंट आपणहून येतात,” तो म्हणाला. “मी मुलीला न्यायला आलोय. दुसरीत आहे.”

त्याची मुलगी भिंगरीच्याच बाकावर बसायची. भिंगरी तिला ठकी म्हणायची, लाकडी बाहुलीसारखी, ठेवली तिथे बसते म्हणून. ठकी बाहेर आली, बापाचं बोट धरलं आणि दोघं भिंतीच्या कडेकडेने, पाऊल मोजून टाकत निघून गेली. फरशीवरची प्रत्येक ओली जागा तो तिला आधीच दाखवत होता.

त्यानंतर तो रोज दिसू लागला. किंवा मी रोज दहा मिनिटं आधी जाऊ लागले, दोन्हीपैकी काहीतरी. दिवस सगळे राखी रंगाचे, शेडच्या पत्र्यावर मधूनच थेंबांची टिपटिप.

“आज किती हात?” मी विचारायची.

“चार हात, दोन पाय. तुमचे किती शिक्के?”

“एक ‘पोहोचले’, एक ‘रद्द’, तीन ‘तपासले’.”

“मला एक ‘तपासले’ द्या. भिंगरीच्या कपाळावर मारतो.”

“आणि तुमच्या?”

“माझ्या कपाळावर ‘रद्द’ आहेच,” तो हसत म्हणाला, आणि मग दोघंही हसलो नाही.

त्याची बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. हे मला त्याने आठव्या की नवव्या दिवशी सांगितलं, तेही मी हमीपत्र पुढे केलं म्हणून. चाळीस सह्या झाल्या होत्या. हजेरीपटाच्या क्रमाने ओळी आखलेल्या, फक्त एकोणतिसावी रिकामी. ती ठकीची.

“नाही,” तो म्हणाला.

“वाचलं तरी का?”

“वाचलं. मी रोज पडलेली मुलं बघतो. माझ्याकडून ‘माझी हरकत नाही’ असं लिहून घेऊ नका. माझी हरकत आहे.”

“पण ती वर्गातही पडतात! माझी भाची…”

“ती आमच्या इमारतीच्या जिन्यात पडली,” तो मध्येच म्हणाला. भिंगरीबद्दल बोलत नाही हे मला क्षणभराने कळलं. “सातच पायऱ्या होत्या, ओल्या. कपडे काढायला गच्चीवर निघाली होती, पळत. तिला आणलं तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाईंच्या हाताला पट्टी गुंडाळत होतो. ओली पट्टी अर्ध्यावर सोडता येत नाही. मी ती पूर्ण केली… मग गेलो.”

मी हमीपत्र पिशवीत घातलं. माझा हात त्याच्या हाताजवळ होता, शेडच्या गजावर. तो मी काढून घेतला नाही. त्यानेही नाही. ठकी बाहेर आली तेव्हा आम्ही दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

मी त्याच्या प्रेमात पडले होते, आता सरळच सांगते. आईला ते माझ्याआधी कळलं. “माणूस चांगला दिसतोय,” ती म्हणाली, “पण जखम ओली आहे गं त्याची. तू मेली उतावळी, खपली धरायच्या आत नख लावशील.”

---

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी त्याला यायला उशीर झाला. ठकी माझ्याजवळ शेडमध्ये थांबली. ती सहसा बोलत नाही. बराच वेळ चपलेने जमिनीवर गोल काढत राहिली आणि मग मला म्हणाली, “मावशी, पळताना श्वास कधी घ्यायचा?”

“म्हणजे?”

“चालताना मला येतो. पळताना कधी घ्यायचा ते मला कोणी सांगितलं नाही.”

“आपोआप येतो गं,” भिंगरी म्हणाली. “वेडीच आहेस.”

तो आल्यावर मी त्याला बाजूला घेऊन तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. वर एक शब्दही बोलले नाही, आणि माझ्यासाठी ते सोपं नव्हतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला थोडा वेळ द्या,” तो म्हणाला.

“शुक्रवार चार वाजता शेवटची मुदत आहे.”

“माहीत आहे. मला विचार करायला वेळ लागतो. पण… मी सांगतो तुम्हाला. मीच येऊन सांगतो.”

बुधवारी त्याच्याऐवजी ठकीला न्यायला शेजारच्या काकू आल्या. गुरुवारीही काकूच. महिनाअखेर म्हणून शुक्रवारी शाळेला अर्धाच दिवस होता. भिंगरीला मी दुकानात घेऊन आले. जुळ्यांची आई दर अर्ध्या तासाने फोन करत होती. “आली का सही? अगं, तुझं ऐकतो तो. चाळीस घरांचा प्रश्न आहे, जरा गोड बोल ना!” मी त्याला फोन लावला, दोनदा लावला. वाजत राहिला.

आमच्या मालकांचा एक नियम आहे. सही ज्याची, तो समोर. नवऱ्याच्या सहीचा शिक्का करायला बायको आली तर तिलाही ते पाणी पाजून परत पाठवतात. पंचवीस वर्षांत त्यांनी तो नियम एकदाही मोडला नाही. त्या दुपारी मालक जेवायला घरी गेले होते. बाहेर मळभ, दुकानात एकच दिवा. भिंगरी माझ्या टेबलावर डोकं ठेवून झोपली होती आणि तिचा प्लास्टरचा हात हमीपत्राच्या बरोबर शेजारी पडला होता.

सव्वातीन वाजले. साडेतीन वाजले.

तो हो म्हणणारच आहे, मी स्वतःला सांगितलं. त्याचा चेहरा मी पाहिला होता. आज ना उद्या म्हणेलच, फक्त मोठ्या बाईंचं घड्याळ त्याच्यासाठी थांबणार नाही. मग मी आधी केली काय आणि त्याने नंतर केली काय…

मी पेन उचललं. तीन अक्षरं, वर रेघ नाही, एक लांब शेपटी. गोगलगाय तेवढी गाळली. एकदाही हात थरथरला नाही, याचीच मला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटली.

चारला पाच मिनिटं कमी असताना कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर होता.

---

सोमवारी कुलूप उघडलं. गंजलं होतं, शिपायाला तेल घालावं लागलं. आम्ही सगळे पालक कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे होतो.

मुलं बाहेर आली आणि भिंतीला चिकटून रांगेत उभी राहिली. काय करायचं ते त्यांना कळेना. एका मुलाने तर हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवलं. जुळ्यांची आई रडायला लागली. मग भिंगरी, प्लास्टरचा हात छातीशी धरून, ओरडली, “अरे, पळा ना!” आणि सगळी मैदानभर सुटली.

ठकी सगळ्यात शेवटी निघाली. आधी भराभर चालली, मग तिचं तिलाच कळलं नाही आणि ती पळू लागली. तोंड उघडं, वेण्या मागे. झाडापर्यंत गेली, वळली आणि पडली.

माझ्या शेजारी कोणीतरी जाळी इतक्या जोरात धरली की ती खणखणली. तो होता. मोठ्या बाईंकडे मुदत वाढवून मागायला ड्यूटीवरून तसाच आलेला, आणि हे सगळं काय चाललंय हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

ठकी उठली. गुडघा पाहिला. थोडं रक्त होतं, ते तिने हाताने पुसलं, हात फ्रॉकला पुसला आणि पुन्हा पळाली.

तो जाळी सोडून सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. मी शेडमध्ये जाऊन बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं, एकेक गोष्ट स्वच्छ दिसत होती. दहा मिनिटांनी तो बाहेर आला.

“मी त्यांना काही सांगितलं नाही,” तो म्हणाला. “कागद बघायला मागितला, पाहिला आणि परत दिला.”

मी उभी राहिले. “मी…”

“प्लास्टरवर मी वरची रेघ देत नाही. पट्टीच्या जाळीत पेन अडकतं म्हणून. कागदावर देतो. नेहमी देतो.”

“तुम्ही आला नाहीत. चार वाजत आले होते, तुम्ही फोन उचलत नव्हतात. मला वाटलं, तुम्ही शेवटी हो म्हणणारच…”

“म्हणणारच होतो.” त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “त्या श्वासाच्या प्रश्नानंतर ठरवलं होतं. शुक्रवारी दुपारी निघालो होतो, तेवढ्यात एका उलटलेल्या गाडीतली माणसं आली. अकराजण. साडेचारला इथे पोहोचलो. शिपाई म्हणाला, सगळं झालं, घरी जा. मला वाटलं मुदत गेली. दोन दिवस मी ठकीच्या नजरेला नजर दिली नाही, माझ्यामुळे चाळीस मुलांचं मैदान गेलं म्हणून.”

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

“तीन वर्षांत तिला पायरीसुद्धा एकटीने उतरू दिली नव्हती मी. ती एक सही मला स्वतःला करायची होती,” तो म्हणाला. “ती तुम्ही घेतलीत. आणि मला विचारायचं होतं तुम्हाला… जाऊ द्या.”

“काय विचारायचं होतं?”

त्याने मान हलवली आणि तो गेला.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. मूग गिळून बसता आलं असतं. मैदान उघडं होतं, तोही काही बोलणार नव्हता. पण रोज मोठ्या सुट्टीत ती ओळ मला दिसली असती.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. “मुलाने पालकांची खोटी सही केली, तर आम्ही पालकांना बोलावतो. तुमच्या कोणाला बोलावू?”

“आई आहे,” मी म्हणाले. खरंच म्हणाले.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी एकोणतिसाव्या ओळीवर तांबडी काट मारली आणि शिपायाला हाक मारली. “मैदानाला कुलूप लाव. या ओळीत खरी सही येईपर्यंत उघडायचं नाही.”

तो आठवडा मी अजून विसरलेले नाही. एकदा मैदान पाहिलेली मुलं आता खिडकीला लोंबकळत होती. पालकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. जुळ्यांची आई तेवढी आली आणि म्हणाली, “केलंस तर केलंस, सांगायचं कशाला?” मालकांनाही मी सांगितलं. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, पण सह्यांचं काम काढून घेतलं. आता मी फक्त ‘पोहोचले’ आणि ‘रद्द’ करते. आणि ठकीला न्यायला रोज काकूच येत होत्या. त्याला गाठून सही मागायची माझी छाती झाली नाही. ती त्याच्या दारात जाऊन उकळायची गोष्ट नव्हती.

पण पाच आठवडे भरले आणि भिंगरीचं प्लास्टर काढायला जावंच लागलं.

त्याने कापायचं यंत्र आधी स्वतःच्या तळव्यावर टेकवून दाखवलं. “हे फक्त कडक असेल तेच कापतं. मऊ असेल त्याला काही करत नाही.” हे तो भिंगरीशी बोलला. माझ्याकडे बघितलंही नाही. घरघर सुरू झाली, पांढरी भुकटी उडाली आणि हात बाहेर आला. बारीक, फिकट, सुरकुतलेला.

“ससा,” भिंगरी म्हणाली.

त्याने तिच्या मनगटावर निळ्या पेनाने ससा काढला. कान जरा जास्तच लांब झाले.

मी पिशवीतून हमीपत्र काढून टेबलावर ठेवलं. मोठ्या बाईंकडून मागून आणलं होतं. “मी त्यांना खरं सांगितलं,” मी म्हणाले. “कुलूप परत लागलंय. मी सही मागत नाही. तुमची ओळ तुम्हाला परत द्यायला आलेय. करायची की नाही, ते तुमचं.”

त्याने तांबड्या काटेकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाहेर कोणाचं तरी मूल रडत होतं, बादलीत नळ ठिबकत होता. मग त्याने खुर्ची ओढली, पेन घेतलं आणि काटेखाली, सावकाश, वरची रेघ देऊन सही केली.

“हे ठकीसाठी आहे,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

---

मैदान उघडलं. पंचवीस मिनिटं, रोज. पुढच्या पालकसभेत माझे आभार कोणी मानले नाहीत आणि ते बरोबरच होतं.

तो पुन्हा ठकीला न्यायला येऊ लागला. शेडच्या त्या टोकाला उभा राहायचा, मी या टोकाला. मध्ये आठ-दहा पालक, छत्र्या, दप्तरं. ‘आज किती हात’ विचारायचं रोज ओठांवर यायचं. दोन आठवडे असे गेले. ठकीचे गुडघे खरचटून काळे-निळे झाले होते आणि ती आता मोठ्याने बोलायची. तो तिच्या गुडघ्यांकडे बघायचा, डोळे मिटायचा, उघडायचा आणि काही म्हणायचा नाही. मला तो तेव्हा इतका आवडायचा की मी दुसरीकडे बघायची.

शेवटी एका बुधवारी मी त्या टोकाला गेले.

“मला एक विचारायचंय,” मी म्हणाले. “तुमच्या वतीने उत्तर मी देणार नाही. मनातल्या मनातसुद्धा नाही.”

तो माझ्याकडे वळला.

“मला तुम्ही आवडता. फार. मी जे केलं त्यानंतर… पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्याल का माझी? नाही म्हणालात तर मी पुन्हा या टोकाला येणार नाही, त्रास देणार नाही.”

पत्र्यावर टिपटिप सुरू झाली होती. त्याने चपलेच्या टोकाने जमिनीवर अर्धा गोल काढला. अगदी ठकीसारखा.

“मला वेळ लागतो,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“शुक्रवारी सांगतो. चार वाजता. इथेच.”

“मी थांबेन.”

शुक्रवारी चार वाजता शाळा सुटली. सगळी मुलं गेली. शेडमध्ये मी, भिंगरी आणि ठकी. सव्वाचार. आभाळ इतकं खाली आलेलं की दिवे लावावेत. फोन पिशवीत होता, मी तो काढला नाही. साडेचार. शिपायाने फाटक ओढून घेतलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. तो येणार नाही, असं मन म्हणायचं. मग मी मनाला म्हणायची, तुला कोणी विचारलंय? पावणेपाच. भिंगरी म्हणाली, “माऊ, घरी जाऊ या ना.” मी म्हणाले, “थांबू या.”

“अय्या,” ठकी एकदम म्हणाली. ती रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. “बाबा पळतायत.”

खरंच पळत होता. ओल्या रस्त्यावरून, डबकी न बघता, कोपरापर्यंत प्लास्टर लागलेलं, शर्ट बाहेर आलेला. पळायची सवय मोडलेल्या माणसासारखा, हात कुठे ठेवायचे हे न कळून. ठकीने बापाला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. तिने माझं बोट घट्ट धरलं.

तो शेडमध्ये आला, गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.

“अहो, सावकाश,” मी म्हणाले. “मी इथेच आहे.”

“पळताना…” त्याला बोलता येईना. “पळताना श्वास… कधी घ्यायचा असतो?”

“आपोआप येतो, बाबा,” ठकी म्हणाली. “थांबा, येईल.”

आम्ही तिघीही थांबलो. हळूहळू त्याला श्वास आला. तो सरळ उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं, त्या पहिल्या दिवशी रजिस्टरवरून मान वर करून पाहिलं होतं तसं.

“हो,” तो म्हणाला.

शाळेच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.